राजा परत आणला तर देश सावरतो का?

९ मार्च २०२५. काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळाबाहेर हजारो लोक जमले होते. माजी राजे ज्ञानेंद्र शाह पोखऱ्याहून परतत होते आणि गर्दी ओरडत होती, 'राजा आऊ, देश बचाऊ!' मराठी कानालाही सहज कळणारी ही हाक भाबडी म्हणून उडवून लावणं योग्य नाही. २८ मे २००८ रोजी नेपाळच्या संविधान सभेने ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेशाही संपवली, त्याला तेव्हा सतरा वर्षं होत आली होती. तेवढ्या काळात देशात १३ सरकारं आली. घरटी एखादा मुलगा आखातात किंवा मलेशियात राबायला गेलेला असताना, आधीचंच बरं होतं असं एखाद्या आईला वाटलं तर तिचं काय चुकलं?

तिच्या मनातला हा प्रश्न तपासून बघता येतो. वरवर पाहिलं तर पारडं राजाकडेच झुकतं. नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन, नेदरलँड्स, जपान हे सगळे श्रीमंत, शांत आणि लोकशाही देश, आणि सगळीकडे सिंहासन शाबूत. समाजशास्त्रज्ञ मॉरो गियेन यांनी १३७ देशांची १९०० ते २०१० या काळातली आकडेवारी अभ्यासली, तेव्हा त्यांनाही मालमत्तेच्या हक्कांचं रक्षण राजेशाहीत अधिक चांगलं होतं असं आढळलं.

मग गोम कुठे आहे? पुण्याच्या पेठांमधून फिरताना शंभर-दीडशे वर्षांचे वाडे दिसतात आणि आपण सहज म्हणतो, 'जुनं बांधकामच पक्कं.' पण जे वाडे पावसात खचले, जळाले, पाडले गेले ते आपल्याला दिसतच नाहीत. आपण फक्त टिकलेले मोजतो. राजेशाह्यांचंही तसंच आहे. पोर्तुगाल १९१०, रशिया १९१७, जर्मनी आणि ऑस्ट्रिया १९१८, इराक १९५८, लिबिया १९६९, इराण १९७९ ही सगळी पडलेली घरं. युरोपात जे राजे उरले ते बहुतेक वेळीच सत्ता सोडून बाजूला झालेले. म्हणजे राजा होता म्हणून लोकशाही नांदली, की लोकशाही शांतपणे रुजत गेली म्हणून राजाला हाकलायची वेळच आली नाही? आकडेवारी कितीही चाळली तरी हा गुंता पूर्ण सुटत नाही.

त्यापेक्षा एकाच देशाचा राजासह आणि राजाविना काळ शेजारी ठेवून पाहावा. नेपाळने ती सोय करून ठेवली आहे. १९९० च्या जनआंदोलनानंतर राजे वीरेंद्र घटनात्मक राजे झाले, संसद आली. पुढे १९९४ च्या निवडणुकीनंतर साडेचार वर्षांत पाच पंतप्रधान झाले: मनमोहन अधिकारी, शेरबहादुर देउबा, लोकेंद्रबहादुर चंद, सूर्यबहादुर थापा आणि गिरिजाप्रसाद कोइराला. राजा गादीवर असताना! सरकारं पडत होती ती त्रिशंकू संसदेमुळे आणि पक्षांच्या फाटाफुटीमुळे. राजमुकुटापाशी त्यावर औषध नव्हतं, आजही नाही.

उलट एक वेगळाच धोका दिसला. १ जून २००१ च्या रात्री नारायणहिटी राजवाड्यात वीरेंद्र आणि त्यांचं कुटुंब मारलं गेलं, आणि काही दिवसांत गादी त्यांच्या भावाकडे, ज्ञानेंद्रांकडे आली. १ फेब्रुवारी २००५ रोजी त्यांनी सरकार बरखास्त करून सत्ता हातात घेतली. नेत्यांना स्थानबद्ध केलं, देशाचे फोन तोडले. राज्यघटना तीच होती, घराणंही तेच. माणूस तेवढा बदलला होता.

मला या साऱ्या वादाचं मर्म इथे दिसतं. राजेशाहीचे समर्थक स्पेनचा दाखला देतात आणि तो खरोखर वजनदार आहे. २३ फेब्रुवारी १९८१ रोजी संध्याकाळी लेफ्टनंट कर्नल तेखेरो पिस्तूल घेऊन माद्रिदच्या संसदेत घुसला. त्याच्या माणसांनी छताकडे गोळ्या झाडल्या. त्यांची भोकं आजही छतात आहेत. खासदार बाकांखाली दडले. व्हॅलेन्सियात रस्त्यावर रणगाडे उतरले. राजे हुआन कार्लोस रात्रभर सेनापतींशी फोनवर बोलत राहिले आणि पहाटे सव्वाच्या सुमारास लष्करी गणवेशात टीव्हीवर येऊन त्यांनी राज्यघटनेची बाजू घेतली. दुपारपर्यंत बंड विझलं.

पण याच पारड्यात २८ ऑक्टोबर १९२२ सुद्धा ठेवायला हवा. मुसोलिनीचे काळे डगलेवाले रोमच्या वेशीवर होते. पंतप्रधान फाक्ता यांनी लष्करी कायद्याचा हुकूम तयार ठेवला होता, फक्त राजे व्हिक्टर इमॅन्युएल तिसरे यांची सही हवी होती. त्यांनी ती केली नाही, आणि लवकरच सरकार बनवायला मुसोलिनीलाच बोलावलं. थायलंडात तर १९३२ पासून राजा घटनात्मक आहे, तरी लष्कराने डझनभर वेळा सत्ता उलथवली. संकटाच्या रात्री राजा तारतो की बुडवतो हे जन्माच्या योगायोगावर ठरतं, आणि चुकीचा निघाला तर पाच वर्षांनी त्याला बदलता येत नाही.

राजेशाहीत खरोखर उपयोगी गोष्ट एकच आहे: देशाचं प्रतीक एक आणि सरकार चालवणारा दुसरा. हरलेल्या पक्षालाही ज्याच्याकडे जाता येईल असा कुणीतरी लागतो. पण जर्मनी, आयर्लंड, भारत यांनी ही विभागणी निवडलेल्या राष्ट्रपतीकडून मिळवली. शतकांची जुनी ओढ मात्र त्यात येत नाही, हे मान्य करायला हवं. ती विमानतळाबाहेरच्या गर्दीतही होती. पण ती ठरावाने निर्माण करता येत नाही, आणि एकदा तुटली की पुन्हा सांधणं फार कठीण.

त्या गर्दीनंतर सहाच महिन्यांनी काठमांडू पेटलं. ९ सप्टेंबर २०२५ रोजी तरुणांच्या उद्रेकात के. पी. शर्मा ओलींचं सरकार कोसळलं, संसदेची इमारत जळाली. सरकार नाही, रस्त्यावर लष्कर, अशा अवस्थेत राष्ट्रपती रामचंद्र पौडेल यांनी आंदोलक आणि लष्करप्रमुखांशी बोलणी केली. १२ सप्टेंबरच्या रात्री माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांना त्यांनी हंगामी पंतप्रधानपदाची शपथ दिली आणि त्यांच्या शिफारशीवरून निवडणुकीची तारीख ठरली, ५ मार्च २०२६.