नव्वद डिग्री म्हणजे कुठली नव्वद?

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, कुठल्याही एमआयडीसीतल्या मशीन शॉपची बोरोस्कोपची (भोकाच्या आत डोकावून बघायच्या बारीक दुर्बिणीची) एन्क्वायरी उघडा. 'रिजिड, ४ एमएम, ९० डिग्री' ही ओळ हमखास सापडते, आणि ती वाचली की माझं डोकं फिरतं. नव्वद डिग्री कसली? बघण्याची दिशा की दिसण्याचा पसारा?

रिजिड की फ्लेक्सिबल, हे इथं काढत नाही. भोक सरळ असेल तर रिजिड, वळणं असतील तर फ्लेक्सिबल. रोज जॉब हाताळणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

घोळ होतो तो पुढं. डायरेक्शन ऑफ व्ह्यू म्हणजे स्कोपचं तोंड कुठं वळलंय ते. शून्य म्हणजे नाकासमोर, नव्वद म्हणजे काटकोनात भिंतीकडं, ११० म्हणजे जरा मागं वळून. फील्ड ऑफ व्ह्यू म्हणजे त्या तोंडासमोरचं किती नजरेत मावतं ते. दोन्ही मोजतात डिग्रीतच, म्हणून सगळी गल्लत.

आपल्याकडची विहीर आठवा. पाणी आटलं की आत आडवे बोअर मारतात. काठावरून वाकून पाहिलं तर तळ दिसतो, आणि भिंतीतल्या बोअरचं तोंड दिसतं ते तिरकं, चपटं. डोळे कितीही ताणा, बोअरमध्ये गाळ बसलाय का ते वरून कळत नाही. खाली उतरून त्याच्याकडं तोंड करूनच उभं राहावं लागतं. काठावरची नजर म्हणजे शून्य डिग्रीचा स्कोप, बोअरसमोरची म्हणजे नव्वदचा. डोळे ताणणं म्हणजे नुसता पसारा वाढवणं.

हायड्रॉलिक ब्लॉकमधलं (तेलासाठी भोकं पाडलेल्या धातूच्या ठोकळ्यातलं) क्रॉस होल, म्हणजे मुख्य भोकाला आडवं येऊन मिळणारं भोक, अगदी असंच असतं. एका शॉपमध्ये क्यूसीला (माल तपासणीला) असताना पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, मीच नुसतं '९० डिग्री' लिहिलं होतं. आला तो दिशेला शून्य, पसाऱ्याला नव्वद. १० एमएमच्या बोअरमध्ये घातला, बोगद्यासारखं झकास गोल चित्र दिसलं, क्रॉस होलची कड स्वच्छ वाटली, लॉट पास केला. पण 'बर', म्हणजे ड्रिल मारल्यावर कडेला उरलेली धातूची बारीक कोर, होती ती आडव्या भोकाच्या आत वळलेली, पापणीसारखी. असेंब्लीत व्हॉल्व्ह अडकला तेव्हा कळलं. व्हेंडरला फोनवर वाट्टेल ते बोललो, पण पीओवर सही माझीच होती.

दोन्ही आकडे एकत्र धरले तरच काय दिसणार ते कळतं. दिशा ७०, पसारा ८० असेल तर दोन्हीकडं चाळीस-चाळीस, म्हणजे ३० ते ११० पर्यंतचं दिसणार. सरळ समोरचं चित्रात नाहीच, ब्लाइंड होलच्या (आरपार नसलेल्या भोकाच्या) तळाची चिप, म्हणजे धातूचा कीस, तशीच राहणार. दिशा ३०, पसारा ७० असेल तर उणे ५ ते ६५: समोरचंही कडेला येतं आणि भिंतही. एकाच स्कोपवर भागवायचं असेल तर मी हा घेईन. क्रॉस होलला मात्र नव्वदच, त्यात तडजोड नाही. शून्यवर आरशाची नळी चढवूनही काटकोनात बघता येतं, फक्त चित्रात डावं-उजवं उलटतं.

पसारा जितका जास्त तितकं चांगलं, असं सेल्सवाले बिंबवतात. १० एमएम अंतरावरून ५० डिग्रीत साधारण ९ एमएम रुंद भाग दिसतो, ९० डिग्रीत २० एमएम. तेवढ्याच चित्रात दुपटीहून जास्त रुंदी कोंबली की बर तितकीच बारीक दिसणार, वर कडा फुगणार त्या वेगळ्याच. बारीक बर शोधायला मी अरुंदच घेतो.

आणि 'मॅग्निफिकेशन किती?' असं विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, किती अंतरावरून? जवळ नेलं की मोठं दिसतं, लांब नेलं की लहान.

स्कोप अडकला म्हणून पिळू नका. चांगल्या रिजिड स्कोपमध्ये काचेच्या लांब कांड्या असतात, हॅरल्ड हॉपकिन्स यांची ती १९५९ची करामत. नळी जरा वाकली की चित्राच्या कडेला काळी चंद्रकोर उगवते.

एन्क्वायरीत एवढं लिहा: 'व्यास ४, कामाची लांबी अमुक, दिशा ९०, पसारा ५५.' आणि ४ एमएमच्या भोकात ४ एमएमचा स्कोप जात नाही. हेही दरवर्षी कुणीतरी विचारतंच.