परदेशी लवादाचा निवाडा जिंकलात, पण भारतात वसुली कशी करायची?

सिंगापूरला किंवा लंडनला लवादात जिंकलात, समोरची पार्टी मुंबईची आणि पैसे सोडायला तयार नाही. मग निवाड्याची पीडीएफ वकिलाच्या व्हॉट्सॲपवर येते, खाली प्रश्न: "जप्ती कधी?" त्या पीडीएफवर जप्ती होत नाही.

त्यासाठी आधी अर्ज करायचा, १९९६ च्या लवाद कायद्याच्या भाग दोनखाली, म्हणजे परदेशी निवाड्यांच्या भागाखाली. २०१५ च्या दुरुस्तीपासून तो थेट उच्च न्यायालयात जातो, जिल्हा न्यायालयात नाही. पैशांचा निवाडा असेल तर समोरच्याची मालमत्ता किंवा बँक खातं कुठे आहे ते आधी शोधा. मान्यता आणि वसुली एकाच अर्जात मागता येते.

वाद व्यापारी हवा, लवादाचा करार लेखी हवा. "तो देश न्यूयॉर्क करारात (परदेशी लवाद निवाडे मान्य करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात) आहे ना?" एवढ्यावर मात्र निश्चिंत होऊ नका. आपल्या केंद्र सरकारने त्या देशाचं नाव राजपत्रात जाहीर केलेलं असावं लागतं. चीन १९८७ पासून करारात आहे, आपल्या राजपत्रात आला २०१२ मध्ये. अधिसूचनेची प्रत अर्जाला जोडा.

खरी रडकथा कागदांची. निवाडा मूळ हवा, नाहीतर ज्या देशात दिला तिथल्या कायद्याप्रमाणे प्रमाणित प्रत. इथल्या नोटरीचा शिक्का त्याला चालत नाही. निवाडा मिळाला त्याच आठवड्यात लवाद संस्थेकडून दोन-तीन प्रमाणित प्रती मागून ठेवा. दुसरा कागद लवादाचा करार, आणि हाच कोणाकडे नसतो. कलम पर्चेस ऑर्डरच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात, आणि स्कॅन फक्त पुढच्या पानाचा! दाखल करताना एखादा कागद कमी असला म्हणून अर्ज लगेच फेटाळू नये, नंतर देता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलंय. पण तेवढ्या तारखा समोरच्याला फुकट मिळतात. निवाडा इंग्रजीत नसेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरही लागेल.

परदेशी निवाड्याला इथे मुद्रांक लागत नाही. इथे अर्ज चालवायला परदेशात केलेल्या कुलमुखत्यारपत्राला मात्र लागतो, तोही ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत. कुरिअरचं पाकीट फेकू नका, तारखेचा पुरावा तोच.

अर्जाची मुदत तीन वर्षं. "कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच बारा वर्षं" हे ऐकीव गणित सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या वेदांता निकालाने निकालात काढलंय. उशीर माफ होऊ शकतो, पण कारण पटवावं लागतं आणि "वकील बदलला" हे कारण ऐकून न्यायाधीशही कंटाळलेत.

समोरच्याच्या हरकती याच कायद्याच्या कलम ४८ पुरत्याच. नोटीस मिळाली नाही, लवादाने अधिकार ओलांडला, सार्वजनिक धोरणाला बाध येतो, अशा. मूळ वाद पुन्हा उकरता येत नाही. २०२० मध्ये विजय कारिया प्रकरणात तसं करणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने ५० लाखांचा खर्च लावला.

डॉलरचे रुपये कोणत्या दराने, हा प्रश्न हमखास येतो. हरकती अंतिमतः फेटाळल्या जातील त्या दिवशीच्या दराने. समोरच्याने मध्येच कोर्टात रक्कम भरली असेल, तर तेवढ्या रकमेला भरल्या दिवशीचा दर.