मालिकेतला सीन आणि कौशल्याचा व्हिडिओ: एकाच पडद्यावरची दोन वेगळी कामं

"आज पोरांना व्हिडिओ दाखवला" असं शिक्षक म्हणतात, तेव्हा त्यामागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे वैद्यकीय मालिकेतला चार मिनिटांचा सीन. दुसरी म्हणजे हात कसे चालवायचे हे शिकवणारा कौशल्याचा व्हिडिओ. प्रोजेक्टर तोच, ॲप्रन घातलेली माणसंही तशीच, त्यामुळे गफलत होते. सीन पाहून हातांचं काम शिकलं जातं आणि कौशल्याच्या व्हिडिओतून रुग्णाशी बोलणं शिकवायचा प्रयत्न होतो. दोन्हीकडे नुकसान विद्यार्थ्याचं.

सीन विचारतो, "इथे डॉक्टर असा का वागला? तुम्ही काय केलं असतं?" त्याला एकच बरोबर उत्तर नसतं. कौशल्याचा व्हिडिओ सांगतो, "हे असंच करायचं." म्हणून सीनमधली चूक हा चर्चेचा कच्चा माल ठरतो, तर कौशल्याच्या व्हिडिओत एक चूक राहिली तरी तो बाद. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातही दोघांच्या जागा वेगळ्या आहेत. सीन बसतो एटकॉममध्ये, म्हणजे वृत्ती, नीतिमत्ता आणि संवादाच्या २७ घटकांत. कौशल्याचा व्हिडिओ बसतो स्किल लॅबमध्ये, म्हणजे हातांच्या सरावाच्या खोलीत: आधी दाखवा, मग पाहू द्या, मग मदतीला घ्या, मग स्वतः करू द्या.

गफलत सगळ्यात महाग पडते ती सीपीआरमध्ये, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाला छाती दाबून आणि श्वास देऊन वाचवायच्या प्रयत्नात. मालिकेतला नट जिवंत असतो, त्याच्या छातीवर ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देता येत नाही. म्हणून सीपीआर देणाऱ्याचे कोपर वाकतात, दाब वरवरचा पडतो, आणि बघणाऱ्याच्या मनात तेच चित्र पक्कं होतं. खऱ्या सीपीआरमध्ये कोपर ताठ, खांदे थेट हातांच्या वर, मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची आणि दर दोन मिनिटांनी दाब देणारा बदलायचा. मॉनिटरवर सरळ रेष दिसली की विजेचा शॉक, हे दुसरं हमखास दृश्य. सरळ रेषेला शॉक देत नाहीत. तिथे दाब चालू ठेवायचे आणि दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिलिग्रॅम ॲड्रिनलिन हे औषध द्यायचं. शॉक असतो तो व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनला (हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरतात) आणि नाडी नसलेल्या व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियाला (तेच कप्पे अतिवेगाने धडधडतात).

सीन त्याच्या काळात बरोबर असला तरी शिळा होतो. 'ईआर' ही मालिका १९९४ ते २००९ अशी चालली. त्याच दरम्यान, २००५ साली, प्रौढांसाठी दाब आणि श्वासाचं प्रमाण १५:२ वरून ३०:२ झालं. कौशल्याचा व्हिडिओ निवडताना म्हणूनच आधी त्याचं साल पाहावं.

निकालाचं चित्रही तितकंच फसवं. १९९६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या अभ्यासात अमेरिकी टीव्ही कार्यक्रमांतले सीपीआर मोजले गेले: तिथे ७५ टक्के रुग्ण त्या क्षणी वाचले. प्रत्यक्षात, रुग्णालयात हृदय थांबलेल्यांपैकी वाचून घरी जाणारे अमेरिकेतही साधारण चारात एक, किंवा त्याहून कमी. पण हीच तफावत एटकॉमच्या तासाला सोन्यासारखी आहे. वॉर्डाबाहेर उभ्या नातेवाइकाने तोच सीन घरी टीव्हीवर पाहिलेला असतो. "शॉक का देत नाही जी?" असं तो विचारतो तेव्हा काय बोलायचं, हे त्या सीनवरूनच शिकवता येतं.

सीन वापरायचा तर तयारी अशी. लांबी ३ ते ५ मिनिटं, त्याहून जास्त नको. वीस मिनिटांचा भाग लावला की विद्यार्थी प्रेक्षक होतात आणि चर्चेला वेळ उरत नाही. उद्देश एकच, आणि तो फळ्यावर लिहिलेला. प्रश्न सीनच्या आधी द्यायचे: डॉक्टर बसला की उभा राहिला? वाईट बातमीआधी रुग्णाला किती माहीत आहे हे विचारलं का? बातमी दिल्यावर किती वेळ गप्प राहिला? पहिल्यांदा सलग दाखवा, दुसऱ्यांदा थांबवत. मोठ्या वर्गाला एकदम दाखवलं तर पहिल्या दोन बाकांवरचेच बोलतात. १०-१२ जणांचे गट हवेत. मृत्यूचा सीन असेल तर आधी सांगावं, नको असेल त्याला बाहेर थांबू द्यावं. नुकतंच घरात कोणी गेलेला विद्यार्थी वर्गात असू शकतो.

चर्चा संपताना सीनमधल्या तांत्रिक चुका एकेक करून मोठ्याने सांगाव्यात. ही पायरी बहुतेक वेळा घाईत गळते, आणि आमच्या मते सगळ्यात जास्त हानी इथेच होते.

पुढचं पाऊल नागपूरसाठी खास महत्त्वाचं. अमेरिकी मालिकेत रुग्ण एकटा, खोली वेगळी, पडदा ओढलेला. इथल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डात खाटेभोवती तीन-चार नातेवाईक, कोणी गडचिरोलीहून आलेलं, कोणी भंडाऱ्याहून, कोणी छिंदवाड्याहून. म्हणून सीननंतर तोच प्रसंग इथल्या घडणीत करून घ्यावा. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं निदान झालेलं पाच वर्षांचं मूल, आई-वडील दोघंही वाहक, सोबत आजी. आई विचारते, "साहेब, माह्या पोराले काय झालं, खरं सांगा ना जी." विद्यार्थ्याने इंग्रजी शब्द न वापरता समजावायचं: प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि यात आईचा दोष नाही. आजी सुनेकडे बोट दाखवते तेव्हा काय करायचं, याचं उत्तर कुठल्याच परदेशी सीनमध्ये नाही.

कौशल्याच्या व्हिडिओचे नियम याच्या उलट. भावना नको, पार्श्वसंगीत नको. कॅमेरा करणाऱ्याच्या खांद्यावरून, म्हणजे उजवा-डावा हात उलटा दिसत नाही. आधी न बोलता पूर्ण कृती, मग पायरीगणिक थांबवत स्पष्टीकरण, मग विद्यार्थी पायऱ्या सांगतो आणि शिक्षक करतो, शेवटी विद्यार्थी स्वतः. व्हिडिओ संपताच मॅनिकिन, म्हणजे सरावाचा पुतळा, समोर हवा. दोन दिवसांनी स्किल लॅब मिळाली तर बघितलेलं बरंचसं उडून जातं.

शेवटची एक व्यावहारिक बाब. शिकवण्याच्या ओघात वापर करायला भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे, पण तिला मर्यादा आहेत. सीन कापून वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं त्यात धरू नये. त्याऐवजी मालिकेचं नाव, भाग आणि मिनिट-सेकंद लिहून द्यावेत.