कॅप्टनच्या पट्ट्या दुसऱ्या कंपनीत चालतात का?

‘एकदा कॅप्टन झाला की कुठेही कॅप्टनच, अनुभव बघून पगार, आणि नोकरीला मरण नाही.’ अमेरिकेतल्या वैमानिकांबद्दल हा फॉरवर्ड वर्षानुवर्षे फिरतोय. वाटणं स्वाभाविक आहे. डॉक्टर-इंजिनिअरचा अनुभव त्याच्याबरोबरच जातो.

तिथल्या प्रादेशिक विमान कंपन्यांत (छोट्या विमानांनी जवळची उड्डाणं करणाऱ्या) मात्र ज्येष्ठता म्हणजे त्या कंपनीच्या यादीतला तुमचा क्रमांक, आणि तो ठरतो रुजू झाल्याच्या तारखेवरून. वीस वर्षं उडवून कंपनी बदलली, तरी नव्या यादीत साधारणपणे तळाला. काही कंपन्या पगारासाठी जुनी वर्षं धरतात, पण क्रमांक देत नाहीत. आणि खरा जीव त्या क्रमांकातच असतो: कुठलं विमान, कुठल्या विमानतळावरून काम, दिवाळीला सुट्टी (तिकडे नाताळ म्हणा), कॅप्टनची खुर्ची कधी, सगळं त्यावरून. कपात आली की शेवटी आलेला आधी घरी. परत बोलावताना क्रम उलटा. म्हणजे संरक्षण आहे, पण यादीत वर असलेल्यांना. कंपनीच बुडाली तर पहिल्या क्रमांकालाही नाही.

पडताळायचं असेल तर अशा एखाद्या कंपनीच्या वैमानिकांचा वेतनतक्ता शोधा. बरेच इंटरनेटवर सापडतात. दर तासाचा असतो. एका बाजूला कंपनीतली सेवेची वर्षं, दुसऱ्या बाजूला खुर्ची (कॅप्टन की सहवैमानिक), काही ठिकाणी विमानाचा प्रकारही. आयुष्यभरात एकूण किती तास उडवले, याचा रकाना शोधून बघा.