ऑफिसचं नेटवर्क आणि प्लांटचं नेटवर्क: नियम वेगळे का?

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या अनेक कारखान्यांत सर्व्हर रूम सांभाळणाऱ्याकडेच आता पीएलसीचं, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं, नेटवर्कही येतं. केबल तशीच, स्विचही तसेच, म्हणून नियमही तेच लावले जातात. घात तिथेच होतो.

ऑफिसमध्ये माहिती बाहेर जाऊ नये हे आधी. वीज केंद्रात, पाणी शुद्धीकरणात किंवा बॉयलरवर माणसाचा जीव आणि प्रक्रिया चालू राहणं आधी. क्लोरीनचा डोस वाढत असताना पासवर्ड चुकल्याने ऑपरेटरची स्क्रीन लॉक झाली, तर ते संरक्षण नव्हे, धोका आहे. तिथे कुलूप कंट्रोल रूमच्या दाराला हवं.

ऑफिसमध्ये नेटवर्क स्कॅन सर्रास होतं. जुन्या पीएलसीचं नेटवर्क कार्ड त्याच स्कॅनने हँग होऊ शकतं. त्याऐवजी स्विचच्या मिरर पोर्टवरून, म्हणजे जिथे ट्रॅफिकची प्रत मिळते तिथून, नुसतं ऐका. मॉडबस टीसीपी (पोर्ट 502), म्हणजे पीएलसीशी बोलायची एक जुनी पद्धत, पासवर्ड विचारतच नाही. जो पोहोचला तो व्हॉल्व्ह उघडू शकतो. म्हणून ऑफिस आणि प्लांटच्या मध्ये फायरवॉल, आत जायला एकच जंप सर्व्हर (ज्यातूनच सगळ्यांनी जायचं असा मधला संगणक), आणि व्हेंडरचा रिमोट अ‍ॅक्सेस कामापुरताच चालू. पॅच शटडाउनमध्येच, तेही आधी स्पेअरवर तपासून.

कंट्रोलरवरची किल्ली बघा. 2017 मध्ये सौदी अरेबियातल्या पेट्रोकेमिकल प्लांटवर ट्रायटन मालवेअर आलं, तेव्हा सेफ्टी कंट्रोलरची (धोका दिसताच प्लांट बंद करणाऱ्या कंट्रोलरची) किल्ली ‘प्रोग्रॅम’वर होती, म्हणून त्यात लिहिता आलं. किल्ली ‘रन’वर फिरवून काढा आणि शिफ्ट इंचार्जकडे द्या.

बॅकअपमध्ये लॅडर प्रोग्रॅम (पीएलसीचा प्रोग्रॅम), एचएमआयचा (ऑपरेटरच्या स्क्रीनचा) प्रोजेक्ट, मोटरच्या ड्राइव्हचे पॅरामीटर आणि त्याच व्हर्जनचं सॉफ्टवेअर असलेला लॅपटॉप, सगळं ऑफलाइन हवं. रात्रपाळीत कोणी टायमर बदलला किंवा इंटरलॉक (धोक्याची क्रिया अडवणारी अट) बायपास केला की पॅनेलमधला प्रोग्रॅम आणि कॉपी जुळत नाही. प्रत्येक बदलानंतर लॅपटॉप पीएलसीला जोडून दोन्हींची तुलना करा.

तरी नेटवर्क वेगळं केलं की सुटलो, असं नाही. मे 2021 मध्ये अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइनच्या ऑफिस सिस्टिमवर रॅन्समवेअर आलं आणि कंपनीला पाइपलाइनच थांबवावी लागली. आपल्याकडे वजनकाटा, बॅच रेसिपी, डिस्पॅच चलन ऑफिसच्या सर्व्हरवर असतात. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या शिफ्टला, प्लांट हेडच्या लेखी परवानगीने ऑफिस आणि प्लांटच्या नेटवर्कमधली लिंक काढून तासभर चालवून बघा. जे अडेल त्याची कागदी पद्धत लिहून कंट्रोल रूममध्ये लावा.