कामगार संघटनेची नोंदणी रद्द होणे (दप्तरातील कसुरीमुळे) : गोवा

नोंदणीकृत कामगार संघटनेने कायद्याने नेमून दिलेले हिशेब, सभासदांची नोंदवही किंवा वार्षिक विवरणपत्र याबाबत जाणूनबुजून कसूर केली आणि नोटीस मिळूनही ती सुधारली नाही, तर निबंधकाने, म्हणजे संघटनांची नोंदणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने, तिचा नोंदणी दाखला रद्द करण्याची कारवाई. गोव्यात निबंधकाचे काम कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून, म्हणजे पणजीत पाटोवरच्या श्रमशक्ती भवनातून चालते. या व्याख्येचा आणि कारवाईचा आधार इतकी वर्षे कामगार संघटना अधिनियम, १९२६ मधील कलम १० हा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली आणि १९२६ चा कायदा तिच्यात सामावला गेला. तरीही दप्तराची शिस्त, तिचे शब्द आणि तिच्यामागचा विचार जुन्या कायद्यातच घडला असल्याने विषय तिथूनच समजून घ्यावा लागतो.

संघटनेला नोंदणी कशासाठी हवी, हे कळल्याशिवाय ती जाण्याचे गांभीर्य कळत नाही. मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीच्या संपानंतर १९२० मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने बी. पी. वाडिया आणि मद्रास लेबर युनियनच्या इतर पुढाऱ्यांविरुद्ध मनाई हुकूम दिला. कामगारांना संपाला उठवणे म्हणजे मालकाशी झालेला करार मोडायला लावणे, असा त्याचा अर्थ होत होता. त्यावर कायदेशीर संरक्षण हवे, असा ठराव कामगार पुढारी नारायण मल्हार जोशी यांनी १९२१ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडला. कायदा झाला १९२६ मध्ये आणि १ जून १९२७ पासून तो लागू झाला. नोंदणी केलेल्या संघटनेला त्याने स्वतंत्र कायदेशीर व्यक्तित्व दिले (कलम १३), फौजदारी कटाच्या आरोपापासून (कलम १७) आणि काही दिवाणी दाव्यांपासून (कलम १८) पदाधिकारी व सभासदांना कवच दिले. या कवचाच्या बदल्यात कायद्याने एकच गोष्ट मागितली : पैसा कामगारांचा आहे, त्याचा हिशेब उघडा ठेवा.

गोव्यात ही व्यवस्था मुक्तीनंतर आली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत स्वतंत्र कामगार संघटनेला जागा नव्हती. १९६१ नंतर मुरगाव बंदर, मांडवी-झुआरीवरच्या बार्जेस, डिचोली-सांगेचा खाणपट्टा आणि पुढे वेर्णा, कुंडई, बेतोडा यांसारख्या औद्योगिक वसाहतींत संघटनांचे काम वाढले. वर्षाचा हिशेब लिहून सरकारदरबारी द्यायचा, ही कल्पना मात्र गोवेकराला परकी नव्हती. देवस्थानांच्या महाजनांचा (देवळाच्या हक्कदार सभासदांचा) कारभार १९३३ च्या पोर्तुगीज नियमावलीखाली चालतो, त्यावर मामलेदाराची देखरेख असते. ज्याने देवळाच्या कमिटीत खजिनदारकी केली आहे, त्याला युनियनची रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, समजावून सांगावी लागत नाही.

दप्तर म्हणजे नेमके काय? सर्वांत खाली पावतीपुस्तक असते. सभासदाने वर्गणी दिली की पावती फाडली जाते आणि तिचा स्थळभाग पुस्तकात राहतो. त्या स्थळभागावरून रोजकीर्दीत जमा पडते, सभासद-नोंदवहीत त्या नावापुढे महिन्याची खूण होते, आणि वर्षाअखेर तीच बेरीज बँकेच्या पासबुकाशी जुळवली जाते. खर्चाच्या बाजूला व्हाउचर असते : वकिलाची फी, गेटसभेच्या मंडपाचे भाडे, मृत कामगाराच्या घरी दिलेली मदत. सामान्य निधी कशावर खर्च करता येतो हे कलम १५ ने ठरवले होते, म्हणून प्रत्येक व्हाउचरला त्या कलमात घर सापडावे लागे. त्याशिवाय ठरावबुक, म्हणजे कार्यकारिणी आणि सर्वसाधारण सभेची इतिवृत्ते. एखादी पावती हरवली तर तिच्या नंबराची नोंद कुठे करायची, रद्द केलेली पावती फाडून न टाकता पुस्तकातच का चिकटवून ठेवायची, असल्या बारकाव्यांवर पुढे लेखापरीक्षण उभे राहते किंवा कोसळते. गोव्याच्या पावसाळ्यात सादळलेली पाने एकमेकांना चिकटतात, शाई पसरते, कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या वह्यांना बुरशी धरते. जुन्या खजिनदारांची दप्तर वरच्या फळीवर ठेवण्याची सवय म्हणूनच शहाणपणाची.

या सगळ्याचा सारांश दरवर्षी निबंधकाकडे जातो. कलम २८ प्रमाणे ३१ डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाचा जमाखर्च आणि त्या दिवशीची मालमत्ता व देणी यांचे लेखापरीक्षित विवरणपत्र द्यावे लागे. सोबत वर्षभरात बदललेल्या पदाधिकाऱ्यांची यादी आणि दुरुस्त नियमांची प्रत. नियमात बदल केला तर तो १५ दिवसांत कळवायचा, कार्यालयाचा पत्ता बदलला तर १४ दिवसांत. यातली ३१ डिसेंबर ही तारीख अनेकांना चकवते. कंपनीचे, बँकेचे, आयकराचे सगळे वर्ष ३१ मार्चला संपते. कारखान्यात हिशेबाचे काम करणारा सभासद सवयीने मार्चचा ताळेबंद करून देतो आणि विवरणपत्र परत येते. यात कुणाची लबाडी नसते. पण दोन-तीन वर्षे अशी परत आलेली विवरणपत्रे फाईलमध्ये पडून राहिली, तर निबंधकाच्या वहीत ती संघटना ‘विवरणपत्र न देणारी’ ठरते.

वेळेवर विवरणपत्र न देणे आणि नोंदणी रद्द होणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते कायद्यानेच ठेवले आहे. नुसत्या कसुरीला कलम ३१ मध्ये दंड होता : पाच रुपयांपर्यंत, कसूर चालू राहिली तर दर आठवड्याला आणखी पाच, पण सगळे मिळून पन्नास रुपयांहून जास्त नाही. संहितेत हाच दंड एक हजार ते दहा हजार रुपये आणि चालू कसुरीला रोज पन्नास रुपयांपर्यंत असा झाला. नोंदणी रद्द करण्यासाठी मात्र कलम १० ने दोन अटी एकत्र मागितल्या होत्या : उल्लंघन जाणूनबुजून केलेले असावे आणि ते निबंधकाची नोटीस मिळाल्यानंतरही चालू राहिलेले असावे. शिवाय रद्द करण्याआधी कारण लिहून किमान दोन महिन्यांची लेखी पूर्वसूचना देणे बंधनकारक होते. संहितेतही साठ दिवसांची पूर्वसूचना कायम आहे, मात्र ‘जाणूनबुजून’ या अटीचा जुना आधार तिथे तसाच उरलेला नाही. संहिता, तिचे नियम किंवा संघटनेची स्वतःची घटना मोडल्याची माहिती निबंधकाकडे आली की कारवाईचा विचार होऊ शकतो. लहान संघटनांच्या दृष्टीने हा बदल जड आहे, असेच म्हणावे लागेल. पन्नास कामगारांच्या युनियनचा खजिनदार आठ तासांची पाळी करून रात्री वही लिहितो. त्याचे विसरणे आणि पैसे लपवणाऱ्याचे टाळणे एकाच तागडीत घालता येत नाही.

दप्तर तपासण्याच्या अधिकारालाही जुन्या कायद्यात एक मर्यादा होती, आणि गोव्याच्या नकाशावर ती सुंदर दिसते. निबंधक किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी संघटनेच्या नोंदणीकृत कार्यालयात जाऊन वह्या पाहू शकत होता, किंवा त्या दुसरीकडे मागवू शकत होता. पण ते ठिकाण कार्यालयापासून दहा मैलांहून दूर असता कामा नये, असे कलम २८ सांगत होते. दहा मैल म्हणजे सुमारे सोळा किलोमीटर. सांग्यातल्या किंवा काणकोणातल्या संघटनेला कपाटभर वह्या घेऊन पणजीला या, असे सांगता येत नव्हते. वह्यांवर पहिला हक्क निबंधकाचा नव्हताच. कलम २० प्रमाणे हिशेबाच्या वह्या आणि सभासदांची यादी पाहण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आणि पदाधिकाऱ्याला होता. तो वापरला गेला तर निबंधकाच्या नोटिशीपर्यंत पाळी क्वचितच येते.

खाणपट्ट्यात दप्तर बंद पडण्याचे कारण बहुधा वेगळे असते. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबवले. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाण लीजांचे (भाडेपट्ट्यांचे) नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा बंद पडल्या. ज्याची हजेरीच थांबली त्याच्याकडून वर्गणी कशी मागायची? पावतीपुस्तक कोरे राहते, सभा भरत नाही, विवरणपत्रात लिहायला काही उरत नाही. अशा वेळी शून्य जमेचे विवरणपत्रही वेळेवर देणे महत्त्वाचे ठरते, कारण मौन राखले तर संघटना अस्तित्वातच नाही असा निष्कर्ष काढता येतो, आणि कलम १० मध्ये ते नोंदणी रद्द करण्याचे स्वतंत्र कारण होते. २००१ च्या दुरुस्तीने (अंमल ९ जानेवारी २००२ पासून) सभासदसंख्येची अटही आणली : आस्थापनेतील दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांतील जी संख्या कमी असेल ती, मात्र सातांहून कमी नाही. ही संख्या सिद्ध करायला सभासद-नोंदवहीशिवाय दुसरा पुरावा नसतो.

संघटनेत दोन गट पडले की दप्तराचे हाल होतात. एक गट वह्या घेऊन जातो, दुसरा शिक्का. दोघेही आपापल्या पदाधिकाऱ्यांची यादी पाठवतात. जुन्या कायद्यात खरे पदाधिकारी कोण हे ठरवण्याची यंत्रणा नव्हती, त्यासाठी दिवाणी न्यायालय गाठावे लागे. संहितेने असे वाद औद्योगिक न्यायाधिकरणाकडे दिले आहेत.

रद्द करण्याच्या हुकुमावर अपील करता येते. २००१ च्या दुरुस्तीनंतर ते कामगार न्यायालय किंवा औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाई. संहितेखाली ते न्यायाधिकरणाकडे जाते. अपिलात बहुतेक वेळा भांडण हिशेबाच्या आकड्यांवर नसते, तर नोटीस खरोखर मिळाली का, तिच्यात कारण स्पष्ट होते का, उत्तर विचारात घेतले का, यांवर असते. म्हणून नोटिशीचा लिफाफा, त्यावरचा टपालाचा शिक्का आणि दिलेल्या उत्तराची पोच हीही दप्तराचाच भाग समजून जपावी लागतात.

दाखला रद्द झाला तरी कामगारांचा एकत्र येण्याचा हक्क जात नाही. तो संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये आहे. जाते ते संघटनेचे कायदेशीर व्यक्तित्व आणि त्यासोबतचे संरक्षण : स्वतःच्या नावाने दावा लावता येत नाही, मालमत्ता धारण करता येत नाही, संप पुकारणाऱ्या पदाधिकाऱ्यांमागचे कवच उरत नाही. पुन्हा नोंदणी हवी असेल तर अर्ज, नियम आणि सभासदांची यादी घेऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, आणि त्या यादीसाठी पुन्हा जुन्या पावतीपुस्तकांचेच स्थळभाग चाळावे लागतात.