जुन्या गुलाबांना सावली चालते, हे आलं कुठून?

"जुन्या जातीचे गुलाब ना, त्यांना अर्धी सावली चालते" हे नर्सरीवाल्यापासून यूट्यूबवरच्या बागकामवाल्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतं, आणि ते ऐकून लोक आंब्याखाली नाहीतर उत्तरेकडच्या बाल्कनीत गुलाब लावतात आणि मग वर्षभर नुसती पानं बघत बसतात. वाक्य खोटं नाहीये. पण ते मूळचं इंग्लंडमधलं आहे, काही ठरावीक गुलाबांबद्दलचं आहे, आणि आपल्यापर्यंत येईस्तोवर त्याच्या सगळ्या अटी गळून गेल्यात.

आधी जुना गुलाब म्हणजे कुठला ते बघू. फ्रान्समधल्या गियो नावाच्या नर्सरीवाल्याने १८६७ साली 'ला फ्रान्स' हा गुलाब आणला, तो पहिला हायब्रिड टी (आज बाजारात दिसतो तो मोठ्या फुलाचा आधुनिक गुलाब) मानतात. मग जवळजवळ शंभर वर्षांनी, १९६६ मधे, अमेरिकन रोझ सोसायटीने ठरवलं की १८६७ च्या आधी जे वर्ग अस्तित्वात होते ते सगळे जुने गुलाब. म्हणजे एखादी जात नंतर तयार झाली असली तरी तिचा वर्ग जुना असला की ती जुन्यात धरायची. कॅटलॉग लावायला ही व्याख्या बरी आहे, पण सावलीच्या प्रश्नात तिचा काडीचा उपयोग नाही, कारण दोन पूर्ण वेगळ्या खानदानांची झाडं तिने एकाच नावाखाली घातलीयेत.

पहिलं खानदान युरोपचं. गॅलिका, दमास्क, अल्बा, सेंटिफोलिया, मॉस. हे वर्षातून एकदाच फुलतात (दमास्कमधला एखादा अपवाद सोडून), तिकडे जूनच्या आसपास, तीनचार आठवडे, आणि मग पुढच्या वर्षीपर्यंत नुसतं झुडूप. सावलीची खरी ख्याती यातल्या अल्बाची. सहा ते आठ फूट उंच, निळसर करडी पानं, पांढरी नाहीतर फिकट गुलाबी फुलं. इंग्लंडच्या यॉर्क राजघराण्याचा पांढरा गुलाब म्हणजे अल्बाच असं धरतात, स्कॉटलंडमधल्या साध्या घरांच्या अंगणातही पिढ्यानपिढ्या हाच उभा आहे. याचा एक पूर्वज डॉग रोझ, म्हणजे युरोपातला रानगुलाब, जो कुंपणांत आणि रानाच्या कडेला वाढतो, त्यामुळे बाजूच्या झाडांची सावली खाऊन वाढायची सवय अल्बाच्या रक्तातच आहे. बल्गेरियात कझानलाकला दमास्कच्या शेतांच्या कडेने कुंपण म्हणून अल्बा लावायची पद्धत आहे, तेही याच चिवटपणामुळे.

पण नुसती सवय पुरत नाही, वेळापत्रकही जुळावं लागतं. एकदाच फुलणाऱ्या या गुलाबांच्या कळ्या आदल्या वर्षीच्या फांदीवर वसंतात धरतात. इंग्लंडमधली बरीचशी मोठी झाडं हिवाळ्यात पूर्ण निष्पर्ण असतात आणि त्यांना भरगच्च पानं यायला एप्रिल संपतो किंवा मे उजाडतो, म्हणजे झाडाखालच्या अल्बाला जेव्हा ऊन सगळ्यात जास्त हवं असतं तेव्हा डोक्यावर फक्त काड्या असतात आणि सावली पडते ती कळ्या तयार झाल्यावर! शिवाय फुलून झालं की उरलेलं वर्षभर निवांत साठवण करायची, घाई काहीच नाही.

आणि ती प्रसिद्ध उत्तरेकडची भिंत. इंग्रजी बागकामात 'उत्तर भिंतीवर चालणारा गुलाब' हा एक कायमचा विषय आहे. आता जूनमधे लंडनला दिवस साडेसोळा तासांचा असतो, सूर्य पार ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो. म्हणजे त्या उत्तर भिंतीवर सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास तिरपं कोवळं ऊन येतंच, आणि तेही नेमकं फुलायच्या महिन्यात. तिकडचा माणूस याला सावली म्हणतो. आपल्याकडे असं ऊन मिळालं तर लोक जागा चांगली आहे म्हणतील.

दुसरं खानदान चीनचं, आणि इथे आपला संबंध येतो. १७९० च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापाराबरोबर चीनचे बागेतले गुलाब इंग्लंडला पोचले, १७९२ चा स्लेटरचा लाल, १७९३ चा पार्सन्सचा गुलाबी, मग १८०९ आणि १८२४ मधे चहाच्या वासाचे म्हणून ओळखले गेलेले दोन, त्यांच्यापासून टी हा वर्ग. फ्रेंच लोक तर चायना गुलाबांना बंगाल गुलाबच म्हणायचे, कारण त्यांची वाट कलकत्त्यावरून होती. या झाडांमधे युरोपने कधी न पाहिलेली गोष्ट होती, ती म्हणजे बारमाही फुलणं. २०१२ मधे त्यामागचं जनुक सापडलं, रानगुलाबात 'आत्ता फुलू नको, वाढत राहा' असा ब्रेक लावणारं एक जनुक असतं आणि चिनी गुलाबात ते बिघडलेलं आहे. त्यामुळे नवी फूट आली की तिच्या टोकाला कळी, परत फूट, परत कळी.

आता हिशोब बघा. जो वर्षातून एकदा फुलतो तो अकरा महिने साठवून एक महिना खर्च करतो, आणि जो बारमाही फुलतो त्याला प्रत्येक फुटीला रोखीने ऊन मोजावं लागतं. ऊन कमी पडलं की फूट येते पण टोकाला कळीच धरत नाही, आपले मावळातले पॉलीहाऊसवाले याला ब्लाइंड शूट म्हणतात आणि ढगाळ दिवसांत त्यावरून वैतागतात. म्हणजे चायना, टी आणि त्यांच्या पोटी आलेले बाकीचे जुने गुलाब हे जुने असले तरी सावलीच्या बाबतीत अल्बाचे भाऊबंद अजिबात नाहीत.

मग या दुसऱ्या खानदानालाही सावलीची ख्याती कशी चिकटली? माझ्या मते दोन वाटांनी.

एक वाट वेलगुलाबांची. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनामधल्या चार्ल्सटनला चॅम्पनीज नावाच्या भातशेतीवाल्या जमीनदाराकडे १८०० नंतर थोड्याच वर्षांत पार्सन्सचा गुलाबी आणि कस्तुरी गुलाब यांचा संकर झाला, त्याची रोपं फिलिप न्वाझेतने वाढवली आणि पॅरिसला भावाकडे पाठवली, तो न्वाझेत वर्ग. यातला १८७९ चा 'मादाम आल्फ्रेड कारियेर' हा पांढरा वेल इंग्लंडमधे उत्तर भिंतीसाठी हमखास सुचवतात. व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट या इंग्रज लेखिकेने १९३० मधे सिसिंगहर्स्ट ही पुढे बागेसाठी गाजलेली जागा घेतल्यावर तिथे अगदी सुरुवातीला लावलेल्या झाडांत हाच होता. पण वेलाची गंमत अशी की बूड सावलीत असलं तरी तो पंधरा-वीस फूट चढून डोकं उन्हात काढतो! सावली मुळांना, ऊन पानांना. त्याला सावलीतला गुलाब म्हणणं थोडं ढिलंच आहे. पुढे पेम्बर्टन या पाद्र्याने १९१३ पासून जे हायब्रिड मस्क काढले, 'मूनलाइट', 'पेनेलोपी', 'कॉर्नेलिया' वगैरे, ते खरोखर कमी उन्हात बरे फुलतात, पण ते व्याख्येने जुने नाहीतच, फक्त दिसायला आणि वासाला जुन्यासारखे म्हणून नर्सऱ्या त्याच पानावर छापतात, आणि त्यांचं श्रेय सगळ्या जुन्यांच्या खात्यात जमा होतं.

दुसरी वाट कब्रस्तानांची, ही मला जास्त इंटरेस्टिंग वाटते. १९८० च्या दशकात टेक्सासमधे हौशी लोक जुनी कब्रस्तानं, पडकी घरं, रस्त्याच्या कडा धुंडाळत हिंडायला लागले, स्वतःला रोझ रसलर म्हणवून घ्यायचे, म्हणजे गुलाबचोर, आणि कुणीही न जपलेल्या झाडांच्या काड्या आणून लावायचे. नाव माहीत नसेल तर सापडल्या जागेवरून तात्पुरतं नाव द्यायचं. बर्म्युडात आणि सिडनीच्या रूकवुड कब्रस्तानातही असेच जुने चायना आणि टी टिकून आहेत. कबरीजवळ गुलाब लावला तेव्हा मोकळं ऊन होतं, शंभर वर्षांत आजूबाजूचे ओक वाढले, गुलाब सावलीत गेला, तरी मेला नाही, कारण तो स्वतःच्या मुळांवर होता, वरून वाळला तरी खालून फुटायचा. हे बघून लोकांनी सांगितलं, जुने गुलाब सावली सहन करतात. करतात की! पण शंभर वर्षं जिवंत राहणं वेगळं आणि दर महिन्याला फुलणं वेगळं, आणि बाग करणाऱ्याला दुसरं हवं असतं.

यात एक गोची आपल्याकडेही आहे. हिंदी महासागरातल्या बुर्बों बेटावर, आताचं रेयुनियाँ, चायना आणि दमास्क गुलाबांची कुंपणं शेजारी शेजारी असायची, तिथे १८१७ मधे ब्रेआँ या फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाला त्यांचा आपोआप झालेला संकर मिळाला आणि त्याच्या बिया फ्रान्सला गेल्या, तो बोर्बन वर्ग. भारतात हाच एडवर्ड नावाने रुळला, तमिळनाडूत सुट्या फुलांसाठी त्याची शेती होते आणि उत्तरेत खुंट म्हणून वापरतात, म्हणजे मुळं त्याची आणि वर कलम दुसऱ्या जातीचं. आता खुंटावर डोळा भरलेला गुलाब सावलीत लावला की कालांतराने वरची नाजूक जात जाते आणि खालचा खुंट जोमाने वर येतो, आणि घरचे म्हणतात बघा आजीचा गावठी गुलाब, सावलीतही फुलतोय. गावठी म्हणून आपण ज्याला ज्याला हाक मारतो ते काही एकच झाड नाही.

आता पुण्या-नाशिककडे या. इथे सगळं उलटं होतं. आपला गुलाबाचा खरा हंगाम हिवाळा, ऑक्टोबरात छाटणी करायची आणि दीड महिन्याने फुलं. पण नेमका त्याच महिन्यांत सूर्य दक्षिणेला कलतो, म्हणजे उत्तरेकडच्या बाल्कनीत नोव्हेंबर ते जानेवारी उन्हाचा थेंब नाही. आणि मेच्या मध्यावर सूर्य पुण्याच्या बरोबर डोक्यावरून जातो आणि मग उत्तरेकडे सरकतो, म्हणजे त्या बाल्कनीत ऊन येतं ते नको तेव्हा, पाकळ्या करपवायला. इंग्लंडमधला उत्तर भिंतीचा सल्ला इथे जसाच्या तसा आणला तर फसणारच. झाडाखालचंही तेच, आपला आंबा, वड, अशोक काही हिवाळ्यात निष्पर्ण होत नाहीत. आणि पावसाळ्यात सावलीतली पानं वाळतच नाहीत, काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला पान साधारण सात तास ओलं राहिलं की पुरतं.

सगळ्यात मोठी चेष्टा म्हणजे जो खरा सावलीचा गुलाब, अल्बा, त्याला फुलायला थंडी लागते. दख्खनच्या हिवाळ्यात त्याचं भागत नाही. उत्तरेत हाथरसजवळच्या हसायनला, राजस्थानात पुष्करला चैती गुलाब म्हणून दमास्क होतो, पण तो उघड्या शेतात, भर उन्हात. लंडन नाहीतर न्यू जर्सीला राहणाऱ्या आपल्या मंडळींनी मात्र खुशाल अल्बा लावावा, तो सल्ला त्यांच्याचसाठी लिहिलेला आहे.

इथे चालणारे जुने गुलाब म्हणजे चायना, टी, न्वाझेत, बोर्बन. त्यांना अर्धी सावली द्यायची तर ती दुपारनंतरची, पूर्वेला मोकळी जागा असावी, सकाळी दहिवर वाळवणारं ऊन बारा-एकपर्यंत मिळावं आणि मग पश्चिमेकडून भिंतीची आड. एप्रिल-मेमधे यांना ती सावली सहन करायला लागत नाही, हवीच असते, पॉलीहाऊसवाले उन्हाळ्यात शेडनेट ओढतात ते याचसाठी.

टी गुलाबांचा पूर्वज तर भारतात आजही रानात आहे. रोझा जायगँटिया, सर जॉर्ज वॉट यांना १८८२ मधे मणिपूरच्या सिरोहीच्या डोंगरात सापडला, रानाच्या कडेला मोठ्या झाडांवर चढत जाणारा भलामोठा वेल. इंग्लंडमधे टी गुलाब थंडीने मरायचे म्हणून काचघरात ठेवायचे, आपल्याकडे ते उघड्यावर चालतात, तरी आपल्या नर्सऱ्यांत आजही जास्त करून हायब्रिड टीच दिसतात. कोडाईकनालला विरु आणि गिरिजा विराराघवन यांनी याच जायगँटियापासून आणि गंगेच्या खोऱ्यातल्या पाणथळ जागी वाढणाऱ्या रोझा क्लिनोफिलापासून गरम हवेचे गुलाब तयार करण्यात कित्येक वर्षं घातली आहेत.